किल्ली देण्याआधीचा कागद

३१ मे २०२२ रोजी आमच्या पुण्यातल्या धायरीच्या सदनिकेचा लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेदारीचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) संपला आणि मी तो वेळेवर पुन्हा केला नाही. पुढचे बावीस महिने मी सातारा ते स्वारगेट अशा ज्या चकरा मारल्या, वकिलांना जी फी दिली आणि घरात ज्या विषयावरून रोज रात्री बोलणे व्हायचे, ते सगळे या एका राहून गेलेल्या कामातून निघाले. सुदैवाने त्याआधीचा एक कागद मी नीट केला होता, म्हणून घर परत मिळाले. एकदोन सदनिका भाड्याने देऊन निवृत्तीनंतरचा खर्च भागवणारी माझ्यासारखी अनेक माणसे आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना या प्रक्रियेची माहिती अडचण आल्यावरच होते. ती आधी व्हावी म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो आणि साताऱ्यात राहतो. धायरीची दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर अशी सदनिका आम्ही २००९ साली घेतली, ती माझ्या आणि पत्नीच्या दोघांच्या नावावर आहे. मुलगी पुण्यात शिकत होती तोवर ती तिथे राहिली. तिला बंगळूरला नोकरी लागल्यावर घर रिकामे राहिले आणि ते भाड्याने द्यायचे ठरले.

आमच्या घरात भाडेकरू या शब्दाची भीती जुनी आहे. माझ्या मामांचा सदाशिव पेठेत वाडा होता. त्या वाड्यातली सहा बिऱ्हाडे महिना तीसचाळीस रुपये भाडे देत असत आणि पावसाळ्यात कौले फुटली की दुरुस्तीसाठी मामांना बोलावणे येत असे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे, किंवा जागा त्यानंतर पहिल्यांदा दिली असेल तर तेव्हाचे, भाडे प्रमाणभाडे म्हणून गोठवले होते. त्यातून वाट काढण्यासाठी अनेक मालक भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्स करू लागले, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूंचेच संरक्षण मिळाले. त्यामुळे कुठलाही कागद केला तरी घर जातेच, असे मामा शेवटपर्यंत म्हणत. त्यांच्या काळात ते खरे होते. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहण्यासाठी दिलेल्या घरांपुरते चित्र बदलले, हे मात्र आमच्या घरात कोणी नीट वाचलेले नव्हते. मीसुद्धा ते २०२३ साली वाचले.

२०२१ च्या जूनमध्ये एजंटने एक कुटुंब आणले. नवरा, बायको, दोन लहान मुले आणि नवऱ्याची आई. गृहस्थांचा प्रवासी गाड्यांचा व्यवसाय होता. टाळेबंदीत तो बसला होता, पण आता पुन्हा सुरू झाला आहे असे त्यांनी सांगितले. महिना १४,००० रुपये लायसन्स फी, ५०,००० रुपये डिपॉझिट आणि १ जुलै २०२१ पासून अकरा महिने मुदत असे ठरले. एजंटने अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येऊन नोंदणी करून दिली. मुद्रांक शुल्काचा हिशेब तेव्हा मी कागदावर मांडून पाहिला होता, तो इथे देतो, कारण अनेक जण या रकमेला घाबरून नोंदणी टाळतात. अकरा महिन्यांची फी १,५४,००० रुपये. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरायचे, ते अकरा महिन्यांचे सुमारे ४,५८३ रुपये. या बेरजेवर ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ४०० रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ती ५०० आहे. दस्त हाताळणीचे ३०० रुपये. म्हणजे एजंटचे कष्ट सोडले तर सगळा खर्च १,७०० रुपयांच्या आसपास. पुढे ज्या कागदावर आमचे घर परत मिळाले, त्याची किंमत एवढीच होती.

अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, असा समज आजही इतका पक्का आहे की सोसायटीच्या कार्यालयातसुद्धा तो ऐकायला मिळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा किंवा भाड्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्याच कलमात आहे. नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणारा माणूस जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. दहा हजार भाडे ठरले होते आणि पाच वर्षे राहायचे ठरले होते, असे त्याने म्हटले तर ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते.

पहिले वर्ष उत्तम गेले. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे बँकेत जमा होत. मे २०२२ मध्ये मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, “काका, सध्या सीझन चालू आहे, मी गाडीवरच असतो. पुढच्या महिन्यात अंगठे देऊ. भाडे तुम्ही म्हणाल तसे वाढवतो.” त्याच वेळी आमच्या मुलीचे लग्न ठरले होते. १५,००० रुपये तोंडी ठरले आणि जून ते ऑक्टोबर त्याप्रमाणे आलेही. करार मात्र झाला नाही. माणूस वेळेवर पैसे देतो आहे तोवर कागदाची घाई वाटत नाही, आणि पैसे थांबले की तोच माणूस कागदावर अंगठा द्यायला तयार होत नाही. करार संपण्याच्या दोन महिने आधी लेखी कळवायचे आणि मुदत संपण्यापूर्वी नवा करार नोंदवायचा किंवा किल्ली घ्यायची, यात तिसरा पर्याय ठेवता कामा नये, हे मी आता ठामपणे सांगतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पैसे आले नाहीत. गाडीचा अपघात झाला, बँकेचे हप्ते थकले, अशी कारणे होती, आणि ती खोटी नव्हती हे मला नंतर कळले. डिसेंबरही कोरडा गेला. मी गप्प बसलो, कारण डिपॉझिट हातात होते. पण पन्नास हजारांचे डिपॉझिट म्हणजे साडेतीन महिन्यांचीही निश्चिंती नव्हे. फेब्रुवारीच्या मध्याला ते हिशेबात संपले. महावितरणचे बिल माझ्या नावावर होते आणि तेही तीन महिने भरलेले नव्हते. हे मला मीटर तोडण्याची नोटीस सोसायटीच्या वॉचमनने फोटो काढून पाठवली तेव्हा समजले. तेव्हापासून मी आमचा ग्राहक क्रमांक महावितरणच्या अॅपमध्ये माझ्या स्वतःच्या मोबाईलवर ठेवला आहे. बिल भाडेकरूने भरायचे, पण भरले की नाही हे मालकाने दर महिन्याला पाहायचे. सोसायटीची थकबाकी आणि पाइप गॅसचे बिल यांनाही हेच लागू आहे.

सोसायटीवरून एक जुना वाद आठवला, तोही सांगून टाकतो. घर भाड्याने दिल्यावर कमिटीने माझ्याकडे ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) म्हणून महिना हजार रुपये मागितले होते. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. आमच्या महिना १,८०० रुपयांच्या मेंटेनन्समध्ये सेवा शुल्काचा भाग १,१०० होता, म्हणजे ना-भोगवटा शुल्क ११० रुपये. मी आदेशाची प्रत जोडून शांतपणे पत्र दिले. दोन सभांनंतर त्यांनी ते मान्य केले. भांडण न करता कागद देणे किती उपयोगी पडते, हे तिथे कळले होते.

मार्च २०२३ मध्ये मी पुण्यात एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि फक्त दोन गोष्टी मागितल्या: जुन्या कराराचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) आणि बँकेचे खातेउतारे. मी म्हणालो, करार तर संपलेला आहे. त्या म्हणाल्या, “संपलेला आहे म्हणूनच तो कामाचा आहे.” मग त्यांनी त्याच अधिनियमाचे कलम २४ समजावून सांगितले. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर लायसन्सधारकाने ताबा दिला नाही, तर मालकाला दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. लेखी करारात जे लिहिले आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो जागा अडवून बसेल, तितक्या दिवसांची नुकसानभरपाई करारातल्या फीच्या दुप्पट दराने देणे त्याच्यावर बंधनकारक असते.

दुप्पट म्हणजे तीस हजार, असे मी लगेच म्हणालो. बाईंनी नकारार्थी मान हलवली. करारात १४,००० लिहिले होते, म्हणून दुप्पट २८,०००. तोंडी ठरलेले वाढीव हजार रुपये या हिशेबात कुठेच येत नव्हते. उलट ते मी पाच महिने बँकेतून स्वीकारले असल्यामुळे समोरचा पक्ष असे म्हणणार होता, की जुना करार संपून आमच्यात नवी तोंडी भाडेदारी सुरू झाली आहे. मुदत संपल्यावर पैसे घ्यायची वेळ आलीच, तर हे पैसे आपल्या हक्कांना बाधा न येता वापराची भरपाई म्हणून घेत आहोत, असा एक साधा संदेश किंवा पत्र त्याच आठवड्यात पाठवून ठेवावे, हे मला त्या टेबलासमोर बसून पहिल्यांदा कळले.

नोटीस पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने गेली. पंधरा दिवसांत काहीच उत्तर आले नाही. मे महिन्यात अर्ज दाखल झाला. सोबत नोंदणीकृत कराराची प्रत, मालकीचा दस्त, नोटीस आणि पोचपावती, खातेउतारे आणि आमचे प्रतिज्ञापत्र होते. मालकी दोघांची असल्याने पत्नीचीही सही लागली. समन्स बजावण्यात दोन महिने गेले. पहिल्यांदा घराला कुलूप होते, दुसऱ्यांदा आजींनी घ्यायला नकार दिला, आणि शेवटी जुलैमध्ये ते रीतसर बजावले गेले. या प्रक्रियेचा सगळा वेग इथून पुढच्या एका नियमावर अवलंबून आहे. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लायसन्सधारकाने प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज लढवण्याची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा नाकारली गेली, तर अर्जातले म्हणणे मान्य धरून ताब्याचा आदेश होऊ शकतो. साध्या दिवाणी दाव्यात वर्षानुवर्षे जी साक्षीपुराव्याची फेरी चालते, ती इथे आपोआप सुरू होत नाही.

त्यांनी मुदतीच्या अखेरच्या दिवसांत प्रतिज्ञापत्र दिले. त्यात लिहिले होते की तीन वर्षे राहण्याचे तोंडी ठरले होते, भाडे दहा हजार ठरले होते आणि उरलेले पैसे डागडुजीसाठी दिलेले होते. ते वाचताना माझे हात थरथरत होते. ज्या माणसाच्या मुलांना मी जाताना साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन जात असे, त्याने शपथेवर असे लिहावे याचा त्रास पैशांपेक्षा मोठा होता. बाई म्हणाल्या, यातली एकही गोष्ट करारात नाही, तुम्ही शांत राहा. कराराचा नोंदणीकृत कागद नसता तर हेच प्रतिज्ञापत्र, कलम ५५ प्रमाणे, आमच्या बाजूच्या गळ्यात पडले असते.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. समोरच्या वकिलांनी वेळ मागितला, कधी पक्षकार परगावी, कधी कागद शोधायचे आहेत. मी पहाटेच्या विनाथांबा बसने निघायचो, स्वारगेटला उतरून रिक्षा करायचो आणि बहुतेक वेळा दुपारी पुढची तारीख वहीत लिहून परत फिरायचो. त्या वहीत प्रत्येक तारखेला काय झाले, कोण हजर होते, किती खर्च झाला हे मी लिहीत गेलो. खात्यातली मोजमाप वही लिहायची सवय होती, ती इथे कामाला आली. दोन वेळा समोरच्यांनी मागच्या तारखेला अमुक ठरले होते असे सांगितले, तेव्हा बाईंनी रोजनामा, म्हणजे त्या तारखेच्या कामकाजाची अधिकृत नोंद, काढून दाखवला आणि कुठल्या तारखेचा काढायचा हे माझ्या वहीत होते.

या काळात मला जे सल्ले मिळाले ते सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्यासारख्या माणसाचे पाऊल घसरण्याची खरी जागा तीच आहे. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, आठ दिवसांत जातील. दुसरे एक जण म्हणाले, दिवाळीला ते गावी गेले की कुलूप बदला आणि सामान पार्किंगमध्ये ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते खरोखरच चार दिवस गावी गेले होते. मी त्या दिवशी धायरीतच होतो, दुसरी किल्ली माझ्या खिशात होती आणि मी जिन्यापर्यंत गेलो होतो. तिथूनच बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “काका, आज ते बेकायदा राहत आहेत. तुम्ही दार उघडलेत की उद्या तुम्ही आरोपी व्हाल. चोरीचा, घरात घुसल्याचा गुन्हा नोंदवतील आणि आपला सहा महिन्यांचा अर्ज बाजूला पडेल.” अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ मध्ये मनाई आहे, हेही त्यांनी सांगितले. मी किल्ली खिशात परत ठेवली आणि बस पकडली. संपूर्ण प्रकरणात मी घेतलेला सगळ्यांत चांगला निर्णय तो होता असे मला वाटते.

जानेवारी २०२४ मध्ये लढवण्याची परवानगी नाकारली गेली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आदेश झाला: तीस दिवसांत रिकामा ताबा द्यावा आणि १ जून २०२२ पासून ताबा देईपर्यंत महिना २८,००० रुपये दराने भरपाई द्यावी, त्यातून मिळालेली रक्कम वजा करावी. या आदेशावर अपील नसते, पण नव्वद दिवसांत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश वरच्या पातळीवर पुन्हा तपासावा असा अर्ज, करता येतो. तो होईल या धास्तीत आम्ही तीन आठवडे काढले. मग एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला. “काका, मी घर सोडतो, पण ते दुप्पटचे काही तरी बघा.”

बाईंनी आकडे मांडून दिले. मार्चअखेर बावीस महिने, २८,००० प्रमाणे ६,१६,००० रुपये. त्यातून आलेले ७५,००० आणि डिपॉझिटचे ५०,००० वजा करता ४,९१,०००. साध्या दराने पाहिले तर नोव्हेंबर २०२२ पासूनच्या सतरा महिन्यांचे २,३८,०००, डिपॉझिट वजा जाता १,८८,०००. त्या माणसाची एक गाडी बँकेने ओढून नेली होती. दुप्पट रकमेसाठी वसुलीची नवी लढाई सुरू करता आली असती, पण ती किती वर्षे चालेल आणि शेवटी त्याच्याकडून काय निघेल, याचा विचार करून मी आणि पत्नीने १,२०,००० रुपयांवर तडजोड केली: ताबा देताना ८०,००० आणि चार महिन्यांत दहादहा हजारांचे चार धनादेश. पुनरीक्षण करणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेतले. माझ्या मुलीला हे पटले नाही, आजही पटलेले नाही. वकिलांची फी आणि इतर खर्च मिळून ५५,००० झाले होते. तरीही मला ती तडजोड योग्य वाटते, कारण मला उत्पन्न देणारे घर परत हवे होते. वठले तर ठीक, अशा धनादेशांसाठी मी दुप्पटीचा आदेश हातात धरून बसणार नव्हतो. चारही धनादेश वठले, हेही नमूद करतो.

३१ मार्च २०२४ रोजी, रविवारी, टेम्पो लागला. सामान उतरवून झाल्यावर आम्ही दोन्ही पक्षांनी मिळून ताबा पावती लिहिली. त्यात विजेच्या मीटरचे वाचन, गॅसच्या मीटरचे वाचन, पंखे किती, गिझर चालू की बंद, किल्ल्या किती हे सगळे लिहिले आणि सोसायटीच्या सचिवांची साक्षीदार म्हणून सही घेतली. बाल्कनीत आमच्या पत्नीने ठेवलेले तुळशीचे वृंदावन होते. त्यातली तुळस हिरवीगार होती, आजींनी रोज पाणी घातले होते. जाताना त्यांनी पत्नीच्या हातात हात दिला आणि काही बोलल्या नाहीत.

आयकराचा एक भाग अनेकांना माहीत नसतो. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, मग प्रत्यक्ष खर्च कमी झालेला असो वा जास्त. वकिलांची फी त्यातून वेगळी वजा होत नाही. मात्र न मिळालेल्या भाड्यावर कर भरावाच लागतो असे नाही. भाडेकरू खरा होता, त्याने जागा सोडली आहे किंवा ती सोडायला लावण्यासाठी पावले उचलली आहेत, आणि वसुलीसाठी कायदेशीर कारवाई केली आहे किंवा ती निष्फळ ठरेल अशी स्थिती आहे, या गोष्टी दाखवता आल्या तर ते उत्पन्नातून वगळता येते. आमच्या अर्जाची प्रत त्यासाठी सनदी लेखापालांना दिली. नंतर थकबाकी मिळाली की ती मिळालेल्या वर्षात दाखवायची, त्यावरही तीस टक्के वजावट मिळते.

आणि सदनिका घेऊन भाड्यावर जगण्याचा बेत करणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करून पाहावा. २०२१ साली आमच्या घराची बाजारातली किंमत सुमारे ३८ लाख होती. वर्षात एक महिना घर रिकामे धरले तर उत्पन्न १,५४,०००. मेंटेनन्सचे २१,६००, ना-भोगवटा शुल्क १,३२०, मालमत्ता कर ८,४००, रंगरंगोटी आणि दुरुस्तीचे सरासरी १२,०००, एजंटचे ७,०००. हातात राहतात १,०३,६८०, म्हणजे किमतीच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. बँकेच्या मुदत ठेवीवर तेव्हाही याहून जास्त व्याज मिळत होते. पुणे महापालिकेची स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी चाळीस टक्के सवलत भाड्याच्या घराला नसते, तेही लक्षात ठेवावे. घराची किंमत वाढते हे खरे, पण ती विकल्यावरच हातात येते. एवढ्या अरुंद उत्पन्नात सतरा महिन्यांची थकबाकी बसली की पुढच्या दीडदोन वर्षांची कमाई आधीच गेलेली असते.

मे २०२४ मध्ये नवे बिऱ्हाड मिळाले. नवरा-बायको दोघेही रुग्णालयात परिचारक आहेत. या वेळी मी त्यांच्या आधीच्या घरमालकांना स्वतः फोन केला. त्यांनी डिपॉझिट पूर्ण परत दिले होते का एवढेच विचारले, कारण या एका प्रश्नाच्या उत्तरात बरेच काही येते. फी १६,०००, डिपॉझिट ६०,०००. एजंटने तीन वर्षांचा करार सुचवला, दर वर्षीची यातायात वाचेल म्हणून. मी अकरा महिन्यांचाच केला. कलम २४ चा मार्ग मुदत संपल्यावर उघडतो. मधल्या काळात पैसे थांबले तर करारातल्या अटी आणि नोटीस यांवर वाद घालत बसावे लागते. दर वर्षी दीडदोन हजार रुपये जास्त गेले तरी छोट्या मालकाला लहान मुदत परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातल्या वस्तूंची यादी परिशिष्ट म्हणून जोडली, प्रत्येक खोलीचे फोटो दोघांच्याही मोबाईलवर ठेवले आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर एजंटवर न सोडता मी स्वतः भरली, पोच छापून ठेवली.

नोंदणीच्या दिवशी दोघा भाडेकरूंचे अंगठे एका फटक्यात जुळले, माझाही जुळला. पत्नीचा मात्र जुळेना. वर्षानुवर्षे भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. एजंटच्या मुलाने यंत्राची काच पुसली, तिला हात धुऊन यायला सांगितले, बोटाला थोडे व्हॅसलीन लावले, मग दुसरे बोट, मग डावा हात. नव्या भाडेकरूंचा टेम्पो खाली उभा होता आणि हमाल दोनदा वर येऊन गेला. त्या जोडप्यातल्या मुलीने संकोचून विचारले, “काकू, सामान वर आणायला सुरुवात करू का? अंगठा नंतर होईल.” पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “बेटा, दहा मिनिटे थांबा, चहा घ्या.” आठव्या प्रयत्नाला तिच्या डाव्या हाताची तर्जनी जुळली आणि पडद्यावर हिरवी खूण आली. मग पत्नीने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्या मुलीच्या हातात दिला.